मतदार सेवा पोर्टल: सोलापूरकरांच्या कामाचं, वेळेत वापरलं तर

मतदार यादीत नाव घालायचं, बदलायचं निवडणूक आयोगाचं हे पोर्टल फुकट आहे आणि मोबाईल नंबर व ओटीपीवर खातं उघडतं. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराला किंवा विडी वळणाऱ्या बाईला अर्जासाठी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे.

घोळ होतो तो फॉर्म निवडताना. घर बदललं की लोक फॉर्म 6 भरतात. तो फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा. पत्ता बदलणं, चूक दुरुस्त करणं, हरवलेल्या मतदार कार्डाऐवजी नवं मागणं, या सगळ्याला फॉर्म 8. पत्त्यासाठी 6 भरलात तर जुनं नाव तसंच राहतं आणि दुबार नोंद होते. फॉर्म 8 मध्ये मतदारसंघ तोच की बदलला, असं विचारतात. शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण अशा तीन मतदारसंघांत सोलापूर विभागलंय, त्यामुळे पेठेतून जुळे सोलापूरला गेलेल्यांनी अंदाजाने टिचकी मारू नये. कुंभारी गावच्या रे नगर वसाहतीत राहायला गेलेल्यांनी नाव तिकडे न्यावं, मात्र ते गाव महापालिका हद्दीबाहेर आहे. तिथून नगरसेवकासाठी मत देता येत नाही.

दुसरी अडचण आडनावांची. इंग्रजी रकाना भरला की मराठी नाव आपोआप येतं, पण रोमन लिपीत ट आणि त एकच. ‘चिट्याल’चं ‘चित्याल’ झालं तर पुढे नाव शोधताना सापडत नाही. तेलुगू घरांत हे फार होतं. मराठी रकाना हाताने सुधारता येतो, सुधाराच. नाव शोधताना कार्डावरचा दहा अक्षर-अंकी क्रमांक टाकणं सगळ्यात खात्रीचं.

अर्ज भरला म्हणजे काम झालं असंही नाही. बीएलओ, म्हणजे आपल्या मतदान केंद्राचे यादी सांभाळणारे कर्मचारी, पत्त्यावर येऊन पडताळणी करतात. घराला कुलूप असेल तर अर्ज तिथेच अडकतो. संदर्भ क्रमांक जपून ठेवा, अधूनमधून स्थिती बघा, पुढे सरकत नसेल तर 1950 वर फोन करा.

पोर्टल एक गोष्ट ठळकपणे सांगत नाही, आणि आपल्या शहरासाठी तीच महत्त्वाची. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच, एका ठरावीक तारखेला गोठवून तयार होते. 15 जानेवारी 2026 च्या मतदानासाठी ती तारीख 1 जुलै 2025 होती. त्यानंतर नाव घातलेल्यांना 26 प्रभागांतल्या 102 जागांपैकी एकाही जागेसाठी मत देता आलं नाही. आधीची निवडणूक 2017 ची, मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. पाण्याच्या पाळीपासून ड्रेनेजपर्यंत जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. 17 वर्षं पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला 18 पूर्ण होतील, त्यानुसार नाव लागतं.

अर्ज फेटाळला तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.