हॉकीचे इनलाइन स्केट्स : आठ महिने घासल्यावर

दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात स्केट्स घरी आले. आता जून लागलाय आणि पावसामुळे ते माळ्यावर आहेत. मधल्या काळात आठवड्यातून चार दिवस, सकाळी तासभर असा वापर झाला. वय ४१, वजन ८२ किलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी बुटाच्या नसून या दोन आकड्यांच्या आहेत.

याआधी माझ्याकडे साधे फिटनेस स्केट्स होते. मऊ बूट, वर क्लिपचा पट्टा, उजव्या टाचेमागे रबरी ब्रेक. मुलगी रोलर हॉकी खेळायला लागली आणि तिच्याबरोबर ग्राउंडवर फिरताना लक्षात आलं की ती जागच्या जागी वळते आणि मी कोल्हापुरात गंगावेशीच्या गर्दीत एसटी वळावी तसा वळतो. म्हणून हॉकीचे घेतले. बूट जवळपास आइस हॉकीसारखाच असतो, फक्त खाली पात्याऐवजी चेसिस, म्हणजे एका रांगेत चार चाकं धरणारी चौकट. मधल्या किमतीचा जोड आहे. ब्रँड लिहीत नाही, कारण जे झालं ते याच घडणीच्या कुठल्याही बुटात झालं असतं.

पहिला घोळ मापाचा. मी नऊ नंबर वापरतो. हॉकी स्केट्स नेहमीच्या मापापेक्षा एक ते दीड नंबर लहान घ्यायचे असतात, हे वाचलं होतं, पण मन होईना. साडेआठ मागवले. पाय आत घातला तर टाच उचलली जात होती, म्हणजे प्रत्येक ढकलीला पाय आधी बुटात सरकायचा आणि मग बूट हलायचा. बदलून साडेसात घेतले, त्यात तीन आठवडे गेले. आता माप असं आहे : ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकतात, गुडघे वाकवले की मागे सरकतात. दुकानात नुसतं उभं राहून ठरवलंत तर तुम्हीही मोठाच बूट उचलाल.

पहिला महिना वाईट गेला. वीस मिनिटांत तळव्याला गोळा यायचा, बोटांना मुंग्या यायच्या, आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिथे बुटाची जीभ दाबली जाते तिथे, लाल वळ उठायचा. मी बुटाला दोष देत होतो. खरं कारण नाडी. मी खालपासून वरपर्यंत तालमीत लंगोट कसावा तशी कसत होतो. मुलीच्या कोचनी एकदा बघितलं आणि सगळी सोडायला लावली. बोटांपाशी सैल, वाकणाच्या जागी, म्हणजे टाच मागे धरून राहील अशी, घट्ट, आणि सगळ्यात वरचं भोक पहिले काही दिवस मोकळंच. दुसऱ्याच दिवशी मुंग्या गेल्या. वळ जायला मात्र दहा दिवस लागले.

घोट्याच्या हाडाचं दुखणं वेगळं होतं. वडिलांचा सल्ला ठरलेला : "तेल लाव, घालून हिंड, चावायची थांबेल." कापशी पायताण, म्हणजे कोल्हापुरी चप्पल, असंच वळणावर आणलंय त्यांनी आयुष्यभर. पण ते कातडं असतं, तेल पितं आणि पायाबरोबर सैलावतं. हा बूट म्हणजे बाहेरून कडक कवच आणि आत फोम. तेल लावलं तर अस्तर सुटेल, बाकी काही नाही. याला कळते ती उष्णता. साधारण ८० अंशांना कवच नरम पडतं आणि थंड होताना पायाचा आकार धरतं. त्यासाठी ओव्हन लागतो. घरी ओव्हन आहे, पण आई म्हणाली, "ज्यात केक करतो त्यात पायताण भाजणार?" विषय संपला.

मग हेअर ड्रायर. घोट्याच्या जागी आतून पाच मिनिटं गरम केलं, पाय घातला, नाडी हलकी ओढली आणि पंधरा मिनिटं खुर्चीवर बसून राहिलो. या वेळात चालायचं नाही, नरम कवच भलतीकडेच दबतं. डावा पाय एकदम बसला. उजव्याचं आतलं हाड तरीही रोज सोलवटायचं.

शेवटी बूट पिशवीत घालून चप्पल लाइनला, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, गेलो. तिथल्या मामांनी आधी चाकं फिरवून बघितली, मग आत अंगठा घालून दाबला.

"दादा, ह्ये चामडं न्हाई. डबा हाय ह्यो."

"फर्म्यावर ताणता येईल का?"

"फुटंल की. हाडाला जागा द्या, दाबू नगा."

जाड फोमचा एक तुकडा घेतला, रापीनं गोल कापला, मध्ये हाडाएवढं भोक पाडलं, कडा तिरक्या तासल्या आणि सुलोचन (चपला चिकटवायचं सोल्यूशन) लावून अस्तराला चिकटवला. मेदूवड्यासारखा दिसतो. हाड त्या भोकात बसतं आणि दाब आजूबाजूच्या मांसावर जातो. चाळीस रुपये. माझ्या मते या आठ महिन्यांतला सगळ्यात चांगला खर्च.

आता चालवण्याबद्दल. पुढची दोन चाकं ७६ मिलिमीटरची, मागची ८० ची, त्यामुळे उभं राहिलं की बूट जरा पुढे झुकवतो. जुन्या स्केट्सवर मी मागे रेलून चालायचो. इथे चेसिस आखूड, त्यामुळे त्या सवयीनं पहिल्या आठवड्यात दोनदा सरळ पाठीवर आलो. हेल्मेट होतं म्हणून हे लिहितोय. गुडघे वाकवून, नडगी जिभेवर टेकवून राहिलं की बूट अचानक शहाणा होतो. कुठल्या दिवशी ते जमलं ते सांगता येणार नाही, डिसेंबरात केव्हातरी.

ब्रेक नाही याची धास्ती होती. मागचा पाय आडवा घासत थांबणं आठवड्यात येतं, पण त्यात चाकाची एक बाजू झिजते. दोन्ही पाय आडवे टाकून थांबायला मला चार महिने लागले. बर्फावर पातं घसरतं आणि बर्फ उडवत थांबतं. सिमेंटवर चाक पकड धरतं, म्हणून वळायच्या क्षणी अंगाचं वजन वर उचलावं लागतं. वजन ८२ किलो, हे वर लिहिलंच आहे.

चाकांबाबत माझी खरी तक्रार आहे. बुटाबरोबर आली ती इनडोअर कोर्टाची मऊ चाकं. आमच्या ग्राउंडच्या खरबरीत सिमेंटवर सहा आठवड्यांत खोडरबरासारखी संपली. खोक्यावर याबद्दल एक ओळ नव्हती. नंतर ८४ए ची घेतली. 'ए' च्या आधीचा आकडा मोठा तेवढं चाक कडक. ती टिकतात, पण सिमेंटची प्रत्येक भेग दातापर्यंत कळते. दर तीन आठवड्यांनी चाकं उलटी करून जागा बदलतो, कारण आतली कड आधी झिजते.

मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर एका डबक्यातून गेलो. चार चाकांत मिळून आठ, दोन्ही पायांत सोळा बेअरिंग, त्यातली पाच गंजून करकरायला लागली. पेट्रोलमध्ये धुऊन, वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. तीन सुधारली. उरलेली दोन अजून खिडकीत वर्तमानपत्रावर पडली आहेत, आई रोज विचारते टाकू का म्हणून.