खोक्यावर दोन हॅमस्टर, आत एकही धड मावत नाही

खोक्यावर दोन गुबगुबीत हॅमस्टर एकमेकांना चिकटून बसलेत आणि खाली लिहिलंय 'हॅमस्टर आणि उंदीर, दोघांसाठी उत्तम'. तिथेच कळायला हवं होतं मला, पण फोटोत हा दोन मजली पिंजरा भला मोठा दिसत होता ना, घेतला. पाच महिने वापरून दोन स्टार देतोय, त्यातला एक फक्त दाराच्या कडीला, ती खरंच पक्की आहे.

आधी तो फोटो. सीरियन हॅमस्टर, म्हणजे तो मोठा सोनेरीवाला, एकटाच राहतो, विषय संपला. पिल्लं एकत्र दिसतात पण आठ-दहा आठवड्यांची झाली की मारामाऱ्या सुरू, आणि त्यात एखादा जीवानिशी जातो. आपल्याला वाटतं बिचारा एकटा, बोअर होत असेल. त्याला काही वाटत नाही हो! सीरियात रानातल्या हॅमस्टरांची बिळं मोजली होती, सरासरी ६५ सेंमी खोल आणि एका बिळात मोठा एकच. आणि या पिंजऱ्याचा ट्रे? ४ सेंमी. आमचा गोटू रात्रभर उकरायचा आणि सकाळी सगळं बेडिंग, म्हणजे तळाशी पसरलेलं अंथरूण, गजांमधून बाहेर फरशीवर.

दुसरा मजला तर त्याच्यासाठी धोकाच. हॅमस्टरला उंचीचा अंदाज येत नाही, गोटूने वरून सरळ हवेत पाऊल टाकलं, नशीब बेडिंगवर पडला. सोबतचं चाक १४ सेंमीचं, तेही गजांचं, त्यात पळताना पाठ पार धनुष्यासारखी वाकायची. सीरियनला निदान २८ सेंमीचं आणि सलग पट्टीचं चाक लागतं, गजांत पाय अडकतो. तळ ५० बाय ३५, लागतो कमीत कमी १०० बाय ५०. मग रात्रभर गज चावत बसायचा, ती करकर ऐकून माझीही झोप गेली.

म्हणून गोटूला काढलं आणि चिंगी-मिंगीला, आमच्या पाळीव उंदरीणी (मोठे उंदीर, 'रॅट'वाले), सख्ख्या बहिणी, तिथे हलवलं. यांचं सगळं उलटं. उंदीर एकटा ठेवायचाच नाही, दोन तरी हवेत आणि दोन्ही माद्या नाहीतर दोन्ही नर, नाहीतर तीन आठवड्यांत डझनभर पिल्लं हातात. आपण कितीही खेळलो तरी अंगावर अंग टाकून झोपायला आणि एकमेकींचे केस साफ करायला उंदीरच लागतो. चढायला मिळालं म्हणून खूश होत्या दोघी, पण वरचा मजला नुसत्या जाळीचा, त्यावर सतत राहून तळपायाला जखमा होतात, मी जुन्या ब्लँकेटचे तुकडे अंथरले. शिवाय झोळी टांगली की हलायला जागा नाही, आणि एवढ्याशा ट्रेत दोन दिवसांत मुताचा उग्र वास. तो अमोनिया यांच्या छातीला फार वाईट, आधीच उंदरांना श्वासाचे आजार पटकन होतात.

विकणाऱ्याला मेसेज केला की निदान फोटो तरी बदला, दोन हॅमस्टर दाखवू नका, तर उत्तर आलं 'हळूहळू सवय होते दोघांना'. कपाळ माझं!

आता गोटू काचेच्या जुन्या मोठ्या टाकीत आहे, २५ सेंमी बेडिंग भरलंय, कधीकधी दोन-दोन दिवस दिसतच नाही पठ्ठ्या, सकाळी फक्त वाटी रिकामी. बहिणींना उंच मोठा पिंजरा आणला. हा दोन मजली फक्त डॉक्टरकडे न्यायला आणि साफसफाईच्या वेळी अर्धा तास ठेवायला वापरतो, तेवढ्याला ठीक आहे. चाक मात्र फेकून दिलं, कुणाला द्यायचं धाडस झालं नाही.