‘गाडी टायर खातीय’ म्हणत उकळलेले 27 हजार

पुढच्या टायरच्या दोन्ही कडा घासल्यात आणि मधला पट्टा शाबूत आहे, तर समजावं की त्या टायरात बरेच दिवस हवा कमी होती. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) किंवा शॉकअप (गाडीचे धक्के झेलणारा भाग) यांमुळे टायर असा झिजत नाही. हे ठाऊक असणाऱ्या माणसाला टायरवाला सहसा फसवू शकत नाही. ठाऊक नसणाऱ्याकडून काय काय उकळतात ते आमच्या घरी यंदा पाहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही वाईचे. गाडी छोटी, पेट्रोलवरची. बायकोची नोकरी पाचगणीला, त्यामुळे पसरणी घाट रोजचा. साताऱ्याहून परतताना महामार्गालगतच्या एका टायरच्या दुकानात हवा भरायला थांबलो. तिथल्या मुलानं हवेचा पाइप हातात घेण्याआधीच स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं, पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवली आणि हाक मारली, “शेठ, बघा की, गाडी टायर खातीय.”

शेठ आले, वाकून बघितलं, मान हलवली. “घाटात कोण चालवतं, दादा? वहिनी? मग असल्या टायरवर एक दिवस पण पाठवू नका.” त्यानंतर पैशाचा विचार कोण करणार?

गाडी अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या रॅम्पवर चढवली. स्क्रीनवर सगळे आकडे लाल. कॅम्बर गेलाय, शॉकअपमधून ऑइल गळतंय (गळतीचा ओला डाग दाखवलाही), दोन टायर नवे नि दोन जुने चालत नाहीत, चारही बदला. चार टायर, दोन शॉकअप, दोन चाकांचा कॅम्बर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे वॉल्व्ह, वरून नायट्रोजन. जुने टायर प्रत्येकी 400 रुपयांना त्यांनीच ठेवून घेतले. बिल म्हणून एका छापील चिठ्ठीवर पेनानं आकडे. जीएसटी नंबर नाही, टायरचा नंबर नाही. पैसे यूपीआयनं गेले, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर.

पावसाळा सरता सरता नव्या टायरच्याही कडा झिजायला लागल्या. अगदी तशाच, दोन्ही बाजूंनी. गाडी आमच्या वाईच्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी सांगितलं, रात्रभर इथंच राहू दे, सकाळी बघतो. सकाळी थंड टायरला गेज लावला: पुढच्या एकात 25 पौंड, दुसऱ्यात 24. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर 33 लिहिलेलं. मग वॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी टाकलं. बारीक बुडबुडे येत राहिले. रबर तडकलेलं होतं. म्हणजे ‘नवे वॉल्व्ह’ म्हणून पैसे घेतले आणि जुनेच ठेवले. आधीचे टायर ज्या गळतीनं झिजले, तीच गळती नव्यांना खात होती.

हवा कमी असली की टायर मधून आत ओढला जातो आणि गाडीचं ओझं दोन्ही कडांवर येतं. हवा जास्त झाली तर उलटं, मधला पट्टा झिजतो आणि कडा तशाच राहतात. एकाच बाजूची कड गेली असेल तर अलाइनमेंट किंवा कॅम्बरचा संशय घ्यायचा. टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं, बिघडलाय का, हे तळहातानं कळतं: टायरवर आडवा हात फिरवा, एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट बाजूनं करवतीसारखं लागलं, तर टो. अंतराअंतरावर खड्डे खड्डे पडलेले दिसले, तरच शॉकअप किंवा बॅलन्सिंगकडे बघायचं. आमच्या टायरवर यातलं काहीच नव्हतं. होती ती दोन्ही कडांची झीज, बाहेरच्या कडेला थोडी जास्त. ती बाहेरची घाटाची. वळणावर वेग कमी न करता स्टिअरिंग कापलं की सगळा भार पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर जातो. उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळायची सवय आणि उतारावर कचकन ब्रेक मारणं, यांनीही टायर खराब होतात. आता आम्ही घाट उतरताना गिअर खाली ठेवतो आणि इंजिनच्या जोरावर गाडी धरतो. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत पुढचे टायर लवकर जातातच, म्हणून दर 8 ते 10 हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्यायचे.

पुढचं ऐकून मला खरा संताप आला. मेकॅनिकनी गाडी जॅकवर घेऊन चाक काढलं. शॉकअप जुनेच! डिझेलनं पुसून वरून काळा रंग फासलेला. नखानं खरवडल्यावर खालचा जुना गंज दिसला. गळतीचा तो ‘ओला डाग’ कुठून आला असेल, हे सांगायला नको. कॅम्बरचं तर असं, की बहुतेक छोट्या गाड्यांत कंपनीकडून पुढचा कॅम्बर फिरवायची सोयच नसते. टाय रॉडवरून (स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावरून) टो तेवढा जुळवता येतो. कॅम्बर काढतो म्हणणारे कित्येक जण हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट (ज्यात शॉकअप असतो तो चाकावरचा खांब) चक्क वाकवतात. आमचा वाकवला नव्हता, नुसतेच पैसे घेतले, हे नशीब.

आणि टायर. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. पुष्कळ टायरवर हा नंबर एकाच बाजूला असतो. आमचे चारही टायर नंबरची बाजू आत करून बसवलेले होते, त्यामुळे गाडी उभी असताना तो दिसणंच शक्य नव्हतं. चाक काढून बघितल्यावर कळलं, ‘नवे’ टायर चार वर्षांपूर्वीचे आहेत. रबर पडून पडूनही कडक होतं. त्या रबरावर माझी बायको भर पावसात घाट उतरत होती.

जाब विचारायला गेलो. आमच्या मागच्या डाव्या टायरला फुटपाथला घासून अर्धचंद्रासारखी खूण पडली होती. तो टायर तिथल्या रॅकवर काळं पॉलिश मारून ठेवलेला, ‘सेकंड, चांगल्या कंडिशनमध्ये’ म्हणून. त्याच्या खोबणीतली छोटी आडवी उंचवट्याची पट्टी अजून बरीच खोल होती. ही पट्टी 1.6 मिलिमीटरची असते. टायर झिजून तिच्या बरोबरीला आला की बदलायचा, त्याआधी मोडीत काढायचं कारण नाही. आम्हाला ‘गोटा’, म्हणजे पार गुळगुळीत झालेला, म्हणून सांगितलेला टायर दुसऱ्याला विकायला काढलेला. मी फोटो घेतला. शेठ म्हणाले, “असल्या खुणा हजार टायरला असतात.” शॉकअपचं विचारल्यावर कारागीर सोडून गेलाय म्हणाले.

स्क्रीनवरचे लाल आकडे बघून घाबरू नका. यंत्रात गाडीचं मॉडेल चुकीचं निवडलं तरी आकडे लाल होतात. नीट काम करणारा माणूस अलाइनमेंटच्या आधी चारही टायरची हवा सारखी करतो, कारण हवा कमी-जास्त असेल तर मापच चुकतं. आमच्या वेळी गेज बाहेरच काढला नव्हता. तुमच्या बाबतीतही हेच झालं, तर गाडी रॅम्पवरून खाली घ्या. आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागा. बदललेला प्रत्येक सुटा भाग आणि जुने टायर डिक्कीत टाकून घरी आणा. 400 रुपयांसाठी तिथं सोडू नका. नायट्रोजनसाठी पैसे मोजायची गरज नाही, साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो आणि पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते. फक्त सकाळी, टायर थंड असताना तपासा. घाट उतरून लगेच गेज लावला तर 4-5 पौंड जास्त दिसतात आणि पंपावरचा मुलगा आहे ती हवाही काढून टाकतो. नुसत्या डोळ्यांनी बघून चालत नाही, ट्यूबलेस टायर 25 वर असतानाही ठीकठाक दिसतो.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. पक्कं बिल नसल्यानं आमची बाजू थोडी लंगडी आहे, पण यूपीआयची नोंद, पेनानं लिहिलेली चिठ्ठी, टायरच्या चार आकड्यांचे फोटो आणि रंगवलेल्या शॉकअपबद्दल आमच्या मेकॅनिकनी सही करून दिलेला कागद जोडलाय. त्याच भागातल्या दुकानात असं कुणाचं झालं असेल आणि चिठ्ठी अजून जवळ असेल, तर ती फेकू नका, तक्रार करा. एकाच दुकानाविरुद्ध दोन-चार तक्रारी गेल्या तर त्यांना वजन येईल.