आठ महिने फोनवर कन्सोलसारखं ऑनलाइन खेळल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी माझा कन्सोल दादाकडे गेला. मी घर बदललं, नव्या खोलीत टीव्हीला जागाच नव्हती. माझ्याकडे उरला फोन; त्याला दोन्ही बाजूंनी पकडणारा यूएसबी-सीचा एक कंट्रोलर महिनाभराने आला. आम्ही पाच जण कित्येक वर्षं शनिवारी रात्री एकत्र खेळतो, आणि तो गट तुटू नये एवढंच मला हवं होतं. ग्राफिक्स कमी चालतील, पडदा लहान चालेल. पण दादाने लॉबीतून, म्हणजे सामन्याआधी सगळे जमतात तिथून, बोलावलं की मी फोनवरून थेट आत गेले पाहिजे, माझं तेच नाव, तीच पातळी, तीच गोळा केलेली सामग्री घेऊन. हा अनुभव त्या एका अपेक्षेच्या हिशेबाने लिहिते आहे.

ही अपेक्षा कन्सोलनेच लावलेली. नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह ही एक्सबॉक्स कन्सोलची ऑनलाइन सेवा सुरू झाली, तेव्हा त्याच्या स्टार्टर किटमध्ये हेडसेट दिलेला असायचा. बोलणं ही तिथे वरून चिकटवलेली सोय नव्हती. सगळ्या गेममध्ये एकच नाव, एकच फ्रेंड लिस्ट आणि आवाज, ही तिथली सुरुवातीपासूनची मांडणी. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत अचीव्हमेंट (गेममधली ठरावीक कामगिरी केल्याची नोंद) आणि त्यांच्या गुणांची बेरीज म्हणजे गेमरस्कोर आले, २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर तशाच ट्रॉफी आल्या. फोनकडे हे तुकड्यातुकड्यांत पोचलं. २०१० मध्ये ॲपलचं गेम सेंटर, २०१३ मध्ये गूगल प्ले गेम्स. दोन्हींनी लीडरबोर्ड (गुणांची क्रमवारी) आणि अचीव्हमेंट दिले. पण गेम बदलला तरी सोबत राहणारी पार्टी, म्हणजे मित्रांचा बोलण्याचा गट, जी कन्सोलवर आपण गृहीतच धरतो, ती मला फोनवर आजही वेगळ्या ॲपमधून लावावी लागते.

आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं. पहिल्या शनिवारी मी गेममधलाच व्हॉइस चॅट वापरला. सामना संपून लॉबी बदलली की आवाज गायब. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही सगळे डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गेलो. त्याचा व्हॉइस कॉल २०२२ पासून एक्सबॉक्सवर आणि २०२३ पासून प्लेस्टेशन ५ वर घेता येतो, त्यामुळे दादा कन्सोलवरून आणि मी फोनवरून एकाच खोलीत बोलू लागलो. आता गेम बदलतो, पार्टी तशीच राहते.

मग ब्लूटूथ इअरबड्सचा प्रश्न आला. याने माझे जवळजवळ तीन आठवडे खाल्ले, म्हणून सविस्तर सांगते. नुसता गेम ऐकत होते तोवर आवाज भरदार होता. पार्टीत शिरून माइक चालू झाला की सगळं एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. मला वाटलं इअरबड्स बिघडले. तसं नव्हतं. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकण्याचा प्रोफाइल, म्हणजे जोडणीचा प्रकार, एकाच दिशेने चालतो, त्यात आवाज स्टिरिओ असतो पण माइक नसतो. माइक लागला की फोन कॉलच्या प्रोफाइलवर जातो, आणि तिथे दोन्ही कानांत एकच मोनो आवाज येतो, तोही कमी दर्जाचा. पावलं डावीकडून येताहेत की उजवीकडून, हे कळणं तिथेच संपतं. त्यात ब्लूटूथचा उशीर वेगळा. माझ्या कंट्रोलरला ३.५ मिमीचा जॅक आहे, त्यात साधा वायरचा हेडसेट लावला आणि दोन्ही दुखणी एका झटक्यात गेली. फोनवर मित्रांसोबत खेळायचं असेल तर आधी वायरचा हेडसेट घ्या. कंट्रोलर नंतर घेतलात तरी चालेल.

कंट्रोलरबद्दल. पडद्यावरच्या बटणांनी खेळायचा मी पहिला महिनाभर प्रामाणिक प्रयत्न केला. अंगठे पडद्याचा मोठा भाग झाकतात आणि बटण दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळत नाही. खऱ्या स्टिक आणि ट्रिगर हातात आल्यावर हाताची जुनी सवय दोन दिवसांत परतली. वायरलेस कंट्रोलरही वापरून पाहिला. २०१९ मध्ये आयओएस १३ ने एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनचे ब्लूटूथ कंट्रोलर जोडायची सोय दिली, अँड्रॉइडवरही ते जोडता येतात. घरात टेबलावर फोन उभा करून ते छान वाटतं. पण वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं, आणि माझ्याकडे गर्दीच्या वेळी स्टिक मधूनच अडकल्यासारखी व्हायची. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ निवडल्यावर ते थांबलं. फोनलाच जोडला जाणारा कंट्रोलर या भानगडीत पडतच नाही.

एक गोष्ट मात्र कंट्रोलर लावताच बदलते: समोर कोण येतं ते. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये २०१९ पासून कंट्रोलरवाल्यांची गाठ कंट्रोलरवाल्यांशीच घातली जाते. मला हे न्याय्य वाटतं. बोटांनी खेळणाऱ्याला माझ्या ट्रिगरशी झुंजायला लावणं बरोबर नाही.

क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळता येणं, हा या सगळ्याचा कणा आहे, आणि तो सहजी मिळालेला नाही. ठोकळ्यांनी जग बांधायच्या माइनक्राफ्ट या गेमच्या बेडरॉक आवृत्तीने २०१७ मध्ये फोन, पीसी आणि एक्सबॉक्स एकत्र आणले, तेव्हा प्लेस्टेशन त्यात नव्हतं. ते डिसेंबर २०१९ मध्ये आलं. आज आम्ही पाच जण तीन प्रकारच्या यंत्रांवरून एकाच जगात घर बांधतो, आणि दादा दिवसा जी भिंत उभी करतो ती मी रात्री पलंगावर पडून पाहते. क्रॉस-सेव्हची, म्हणजे तीच प्रगती सगळ्या यंत्रांवर मिळण्याची, गोष्ट वेगळी. क्रॉसप्ले आहे म्हणजे क्रॉस-सेव्ह असेलच असं नाही, हे मी नुकसान सोसून शिकले. एका गेममध्ये मी खातं न जोडता पाहुणी म्हणून सुरुवात केली होती. नंतर कन्सोलचं खातं जोडायला गेले तर गेमने दोन सेव्हपैकी एक ठेवायला सांगितलं. घाईत चुकीचं बोट लागलं आणि सहा आठवड्यांची फोनवरची मेहनत पुसली गेली. मदत केंद्राने सभ्यपणे नकार कळवला. आता नवा गेम उतरवला की पहिला सामना खेळण्याआधी मी सेटिंग्जमध्ये जाऊन खातं जोडते.

क्लाउड गेमिंगही चार महिने वापरलं, म्हणजे गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि फोनवर फक्त त्याचं चित्र येतं. फोनसाठी न बनलेले मोठे गेम या वाटेने उघडतात, आणि कथेचे, संथ गेम सुंदर चालतात. शर्यती आणि गोळीबार यांत फरक जाणवतो, आणि त्याला कारण आहे. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर हजार किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यातच १० मिलिसेकंद गेले. त्यावर चित्र दाबणं, उलगडणं, वाय-फाय. डेटाचं गणितही बघा: १० एमबीपीएसचं चित्र तासाला साडेचार जीबी खातं. मोबाइल डेटावर मी ते बंदच केलं. शिवाय अशा सेवेवर सगळा भार टाकायला मी कचरते. गूगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. पैसे परत मिळाले, पण तिथली वस्ती गेली.

फोन तापतो. पंचवीसेक मिनिटांनंतर माझ्या फोनवर फ्रेम कमी होऊन चित्र अडखळायला लागतं, उजेड आपोआप कमी होतो. खेळताखेळता चार्ज केलं तर अजून लवकर. मी ग्राफिक्स मधल्या पातळीवर आणि फ्रेम ६० वर बांधून ठेवल्या, आणि जाड कव्हर काढून टाकलं. दोन तासांचा शनिवार आता निभतो.

ज्याला अजून पुरतं उत्तर सापडलेलं नाही, ते हे की फोन आधी फोन आहे. क्रमवारी ठरवणाऱ्या रँक सामन्याच्या अगदी शेवटी कॉल आला की माइक कॉलकडे जातो, गेम मागे पडतो, आणि परत येईपर्यंत कधी सर्व्हरने मला पळपुटी ठरवलेलं असतं. माझ्यामुळे चार जणांचा सामना गेला की फार वाईट वाटतं. डू नॉट डिस्टर्ब लावते, पण आईचा कॉल त्यातून वगळलेला आहे आणि तो वगळलेलाच राहील. गेम बनवणाऱ्यांनी फोनवरच्या खेळाडूला परतायला नव्वद सेकंद दिले तरी पुष्कळ होईल. काही गेम अशी मुदत देतात, आणि आमचे शनिवार हळूहळू त्याच गेमकडे वळले आहेत.

अचीव्हमेंटचा आनंद मला इतका होईल असं वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात फोनवर खेळताना एक जुनं, दोन वर्षं अडलेलं अचीव्हमेंट सुटलं आणि ते कन्सोलवरच्याच खात्यात जमा झालं. दादाच्या टीव्हीवर माझ्या नावाची सूचना झळकली. मी काही बोलायच्या आत पार्टीत त्याचा आवाज आला, "अगं, सुटलं की ते!"