जुन्या पिकअपसाठी शेल रिमूला आर४ एक्स, आणि पाच हजार किलोमीटरचा हिशेब

तुर्भ्याच्या दाणाबंदरातून, म्हणजे घाऊक धान्यबाजारातून, ठाणे, कळवा आणि खारेगाव येथील किराणा दुकानांना माल पोहोचवणारी आमची बोलेरो पिकअप बीएस-३ (भारत स्टेज ३ हे धुराच्या प्रदूषणाचे जुने मानक) काळातील आहे. २५२३ सीसीचे, चार सिलिंडरचे डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) टर्बो इंजिन, मेकॅनिकल डिझेल पंप आणि आजवर न उघडलेले हेड, असा तिचा थोडक्यात परिचय. अशा गाडीला कोणते ऑइल घालावे आणि ते किती दिवसांनी बदलावे, याचे माझे उत्तर आता बरेचसे पक्के झाले आहे. सीआय-४ दर्जाचे १५डब्ल्यू-४० खनिज ऑइल घ्यावे, आणि शहरात अडत-थांबत माल वाहणाऱ्या गाडीत ते पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, बदलावे. त्यासाठी मी शेल रिमूला आर४ एक्स वापरतो. या ऑइलविषयीचे माझे मत चांगले आहे. परंतु डब्यावरील नावापेक्षा डब्यावरील दर्जाला आणि बदलण्याच्या मुदतीला अधिक महत्त्व आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दुकानात गेल्यावर बहुतेक लोक १५डब्ल्यू-४० की २०डब्ल्यू-४०, एवढेच विचारतात. यातील पहिला आकडा थंडीशी संबंधित आहे. १५डब्ल्यू म्हणजे उणे २० अंश सेल्सिअसला इंजिन फिरवता येईल इतपत पातळ राहणारे ऑइल, आणि २०डब्ल्यूसाठी ही चाचणी उणे १५ अंशांवर होते. ठाण्याच्या हवेत या चाचणीला फारसा अर्थ नाही. पहाटे गाडी चालू करताना १५डब्ल्यू वरच्या भागापर्यंत थोडे लवकर पोहोचते, इतकाच त्याचा लाभ. दुसरा आकडा मात्र आपल्या कामाचा आहे. १०० अंशांवर ४० ग्रेडच्या ऑइलचा घट्टपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजण्याचे एकक) असावा लागतो, आणि इंजिनाचे बेअरिंग दिवसभर ज्या ऑइलवर तरंगते ते या तापलेल्या अवस्थेतील ऑइल असते.

या दोन्ही आकड्यांपेक्षा मोलाची अशी एक बारीक ओळ डब्याच्या मागे असते. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या वर्गवारीत 'सी'ने सुरू होणारे दर्जे डिझेल इंजिनांचे आणि 'एस'ने सुरू होणारे पेट्रोल इंजिनांचे. सीएफ-४ हा दर्जा १९९० च्या सुमाराचा असून तो आता कालबाह्य ठरवण्यात आला आहे. सीएच-४ १९९८ चा, तर सीआय-४ २००२ चा. एक्झॉस्टमधील वायू पुन्हा इंजिनात फिरवल्यामुळे ऑइलमध्ये जी जास्तीची काजळी आणि आम्ल येते, ती सांभाळण्यासाठी सीआय-४ आखला गेला. आमच्या इंजिनाचा मुख्य शत्रू काजळीच असल्यामुळे हा दर्जा त्याला नेमका लागू पडतो. स्वस्त २०डब्ल्यू-४० डब्यांपैकी काहींवर आजही सीएफ किंवा सीएफ-४ असेच छापलेले आढळते. गिऱ्हाईक आकड्यावरून हुज्जत घालतो आणि ही ओळ न वाचताच पैसे देतो.

मग सर्वांत नवा दर्जा का घेऊ नये, असा प्रश्न साहजिकच येतो. २०१६ च्या अखेरीस आलेला सीके-४ जुन्या इंजिनांतही चालतो. मात्र त्यातील राखेचे, म्हणजे ऑइल जळाल्यावर मागे उरणाऱ्या अवशेषाचे, प्रमाण मर्यादित ठेवण्यामागचा हेतू एक्झॉस्टमधील काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, तुंबू न देणे हा आहे, आणि आमच्या गाडीला तो फिल्टरच नाही. त्याच वेळी आलेल्या एफए-४ दर्जापासून मात्र जुन्या गाडीवाल्यांनी दूरच राहावे, कारण ते ऑइल मुद्दाम पातळ ठेवलेले असून नव्या घडणीच्या इंजिनांसाठीच आहे. याच न्यायाने, ज्यांची पिकअप बीएस-६ आहे त्यांनी माझा हा सल्ला घेऊ नये. त्यांनी गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले कमी राखेचे ऑइलच घालावे.

रिमूला आर४ एक्स निवडण्याची कारणे साधी आहेत. डब्यावर सीआय-४ स्पष्ट छापलेले असते, नवी मुंबईत ते सहज मिळते (कंपनीचा कारखाना तळोज्यातच आहे) आणि ते खनिज ऑइल असल्यामुळे लवकर बदलताना जिवावर येत नाही. वापरातील अनुभव असा की गरम इंजिन मोकळे फिरत असताना टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) आवाज वाढत नाही, घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ भरलेल्या गाडीने चढून गेल्यावरही ऑइलचा लाल दिवा लुकलुकत नाही, आणि दोन बदलांच्या दरम्यान साधारण अर्धा लिटर ऑइल वर टाकावे लागते. या वयाच्या इंजिनाला एवढे ऑइल लागणे मी वावगे मानत नाही. सर्वो, मिल्सी टर्बो, मॅक, सीआरबी टर्बोमॅक्स, डेल्वॅक या ब्रँडांच्या श्रेणींमध्येही याच तोडीचे ऑइल मिळते, आणि त्यांपैकी एखादे आपल्या भागात खात्रीच्या विक्रेत्याकडे मिळत असेल, तर केवळ मी लिहिले म्हणून रिमूलाच्या मागे धावण्याचे कारण नाही.

आमच्या मिस्त्रींचे मत वेगळे होते. "शेठ, गाडी जुनी झाली, आता पन्नास नंबर टाकू या, आवाज बसेल," असे ते प्रत्येक सर्व्हिसिंगला सुचवत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. २०डब्ल्यू-५० घट्ट असते, १०० अंशांवर ते किमान १६.३ सेंटिस्टोक भरते, त्यामुळे झिजलेल्या बेअरिंगमध्ये दाब टिकतो आणि आवाजही खरोखर कमी होतो. मात्र आमच्या गाडीत दाब कमी झालेलाच नव्हता. नसलेल्या दुखण्यावर घट्ट ऑइल घातले की ते पहाटे टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते, इंजिन थोडे जड फिरते आणि डिझेल किंचित अधिक लागते. शिवाय उद्या खरोखरच दाब घसरू लागला, तर ती खूण घट्टपणाखाली झाकली जाते. दिवा लुकलुकायला लागल्यावर, दाब मोजून घेऊन, मग पन्नास नंबरचा विचार करावा. मिस्त्रींना हे पूर्णपणे पटलेले नाही, पण गाडी माझी असल्यामुळे ते तसे चालवून घेतात.

आता मुदतीविषयी, कारण खरा घोळ येथेच होतो. पुस्तिकेत दिलेला किलोमीटरचा आकडा ही चांगल्या परिस्थितीतील वरची मर्यादा असते, आणि आपल्याकडची परिस्थिती चांगल्या या सदरात बसत नाही. बाजाराच्या गेटवर रांगेत, शिळफाट्याच्या कोंडीत आणि कळवा नाक्यावर गाडी उभी असते, इंजिन चालू असते आणि मीटर मात्र हलत नाही. एक तास जागेवर चालणारे इंजिन ऑइलच्या दृष्टीने साधारण ४० किलोमीटर धावले असे धरण्याचा ठोकताळा आहे. समजा, गाडी दिवसाला ८० किलोमीटर धावते आणि दोन तास उभ्याने चालू राहते, तर ऑइलने प्रत्यक्षात १६० किलोमीटरचे काम केलेले असते. म्हणजे मीटरवरचे पाच हजार हे ऑइलच्या हिशेबी दहा हजार झाले. महिन्याला दोन हजार किलोमीटर धरले तर अडीच महिन्यांत बदलण्याची वेळ येते, आणि ती तशी येऊ द्यावी. शिवाय उभ्या इंजिनात ज्वलन थंड राहते, त्यामुळे न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करते, ते निराळेच.

या हिशेबाला एक दिलासा आहे. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ३५० पर्यंत चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ते १० वर आले आहे. गंधक कमी म्हणजे ऑइलमध्ये तयार होणारे आम्ल कमी, आणि त्या आम्लाला मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेला क्षार पूर्वीपेक्षा अधिक काळ पुरतो. त्यामुळे जुन्या इंजिनातील ऑइलचे आयुष्य आज आम्लापेक्षा काजळी आणि धूळ यांवरून ठरते.

काजळीचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले, हा समज चुकीचा आहे. डीआय इंजिनात नवे ऑइल थोड्याच अंतरात काळे होते, आणि ते काळे होणे म्हणजे काजळी इंजिनावर न बसता ऑइलमध्ये तरंगत आहे याची खूण असते. पाहायचे ते असे: फेरी संपल्यावर इंजिन गरम असताना गेजची काडी काढून तिच्या टोकाचा एक थेंब टीपकागदावर सोडावा आणि कागद रात्रभर आडवा, खाली टेकणार नाही अशा बेताने ठेवावा. सकाळी डाग मध्यापासून कडेपर्यंत सारख्या करड्या रंगाने पसरलेला दिसला, तर ऑइलमध्ये अजून दम आहे. मध्ये डांबरासारखा काळा, ठसठशीत कडेचा गोळा आणि भोवती एकदम फिकट रिंगण दिसले, तर काजळी धरून ठेवण्याची ऑइलची ताकद संपली असे समजून, मीटर काहीही म्हणो, ते बदलावे. सर्वांत बाहेर आणखी एक पातळ, फिकट कडे उमटले असेल, तर डिझेल मिसळल्याचा संशय घ्यावा. आमच्या गाडीत पाच हजारांच्या आसपास गोळा घट्ट होऊ लागतो. काडीवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढली असेल, तर मात्र कागदाची वाट न पाहता गाडी मिस्त्रींकडे न्यावी. आणि काडीवर दुधाळ फेस दिसल्यास कूलंट आत येत आहे का, हे आधी पाहावे.

महागडे सिंथेटिक घालून मुदत दुप्पट करण्याचा मोह मला झाला होता. तापलेल्या इंजिनात सिंथेटिक अधिक टिकते, यात वाद नाही. पण काजळी आणि दगडाची धूळ सिंथेटिकमध्येही तेवढीच जमा होते, आणि जुन्या ऑइल सीलमधून झिरपणारे ऑइल जितके महाग तितका तो तोटा मोठा. त्यामुळे तोच पैसा मी वेळच्या वेळी एअर फिल्टर बदलण्यावर खर्च करतो; तुर्भे-महापे भागातील धूळ फाटक्या फिल्टरमधून आत गेली, तर कोणतेही ऑइल इंजिनाची झीज थांबवू शकत नाही. ऑइलमध्ये मिसळण्याच्या 'ट्रीटमेंट'च्या छोट्या बाटल्या मी घेत नाही, कारण लागणारी सर्व रसायने चांगल्या ऑइलमध्ये मोजूनमापून घातलेली असतात.

खरेदीबाबत थोडे कडक राहावे लागते. एका दुकानात मला दिलेल्या डब्याच्या झाकणाची कडी आधीच सुटलेली होती आणि "वाहतुकीत होते असे" हे त्यावरचे उत्तर होते. मी डबा परत केला. ड्रममधून मापून दिले जाणारे लूज ऑइल कितीही स्वस्त असले तरी त्याचा दर्जा कोणीही सांगू शकत नाही. पक्के बिल घ्यावे, झाकणाचे सील आणि उत्पादनाची तारीख पाहावी, आणि ऑइल आपल्या समोर ओतून झाल्यावर रिकाम्या डब्याला पेचकसाने भोक पाडावे. हे शेवटचे काही गॅरेजवाल्यांना आवडत नाही, कारण अखंड डब्याला भंगारात वेगळा भाव असतो. तो का असतो, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

बदलताना ऑइल गरम असतानाच ऑइल चेंबरच्या तळाचा नट काढावा, म्हणजे काजळी बरोबर वाहून येते. ऑइल फिल्टर दर वेळी नवा हवा, त्याच्या रबरी कडीला ऑइलचे बोट लावून तो हाताने आवळावा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी काढताना फाटतो. नटाखालचा तांब्याचा वायसरही बदलावा. निघालेले काळे ऑइल सेंटरिंगच्या फळ्यांना लावण्यासाठी मागणारे लोक भेटतात, पण ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. गॅरेज निवडताना त्यांच्याकडे यासाठी वेगळा ड्रम आणि ठरलेला उचलणारा आहे का, हे मी विचारतो.

ज्यांची गाडी हजार किलोमीटरला एक लिटरहून अधिक ऑइल खाते आणि निळसर धूर मारते, त्यांना हे ऑइल किंवा दुसरे कोणतेही ऑइल वाचवणार नाही. त्यांनी आधी कॉम्प्रेशन मोजून रिंगा आणि व्हॉल्व्ह सीलची स्थिती पाहून घ्यावी, आणि काम निघेपर्यंत याच ग्रेडचे साधे सीआय-४ ऑइल वर टाकत, दर दोन दिवसांनी काडी तपासत गाडी चालवावी.