आठवी-नववीच्या पोरांना एकत्र बसवून सिनेमा दाखवायचा तर 'शाळा' की 'किल्ला'?

परीक्षा संपली की आमच्याकडे पोरं जमतात. लेकीच्या वर्गातली पाच-सहा, सोसायटीतली तीन-चार, एखादं आतेभावंड, अशी दहा-अकरा डोकी. हॉलमध्ये गाद्या, मोठ्या पातेल्यात भेळ, कोकम सरबत आणि टीव्हीवर एक सिनेमा. सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे असतं. लेक आठवीत असताना मी दोनदा निवडला. सहामाहीनंतर 'शाळा' आणि मे महिन्यात 'किल्ला'. दोन्ही मला मनापासून आवडतात. तुमच्याही घरी असा बेत ठरला असेल आणि गाडी याच दोन नावांवर अडली असेल, तर आमच्याकडे काय झालं ते सांगतो.

आधी बाद झालेली नावं. पोरांनाच विचारलं तर पहिलं नाव 'सैराट'चं येतं, कारण गाणी सगळ्यांना पाठ असतात. पण त्याचा शेवट आठवून पाहा. सिनेमा संपतो तेव्हा खोलीत कुणाला काही सुचत नसतं, आणि नेमके तेव्हाच खाली न्यायला आलेल्या आईबापांच्या गाड्या उभ्या असतात. तेरा वर्षांचं पोर ते सगळं डोक्यात घेऊन मुकाट्यानं घरी जातं. घरचं मोठं माणूस शेजारी बसलं असेल तर जरूर दाखवा, जमलेल्या घोळक्याला नको. 'बालक-पालक'चा विषय, म्हणजे वयात येणाऱ्या मुलांचं लैंगिक कुतूहल, या वयाला इतका लागू आहे की मोह होतो, पण तो दाखवायचा तर दहा घरी आधी फोन करून विचारायला हवं. मला ते धाडस झालं नाही. 'एलिझाबेथ एकादशी' फार गोड आहे. पंढरपूरची यात्रा, सायकल वाचवायला पोरांनी मांडलेलं बांगड्यांचं दुकान, सगळंच. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला तो बालचित्रपटाचा. पण आठवीतल्या मुलांना 'बाल' म्हटलेलं खपत नाही. पाचवी-सहावीतली भावंडं बरोबर असतील तर मात्र दुसरा विचारच करू नका, तोच लावा.

सेन्सॉरची पाटी पाहून ठरवावं म्हटलं तर तिची मदत अर्धीच होते. २०२३ च्या कायदादुरुस्तीनं 'यूए'चे, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांचे, सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे केले, हे फार चांगलं झालं. पण आपण घरी जे दाखवतो ते बहुतेक त्याआधीचे सिनेमे असतात, आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर नुसतं 'यू' किंवा 'यूए' असतं. ओटीटीवर २०२१ च्या नियमांमुळे वयाचा आकडा दिसतो, हिंसा आहे की शिवीगाळ तेही लिहिलेलं असतं, तेरापासून पुढच्या गटांना पालकांना कुलूप लावता येतं. ते मी बघतोच. तरीही ती पाटी एका मुलाचा विचार करून लावलेली असते. दहा मुलं एकत्र बसली की सिनेमातलं काय उचलतील आणि कुणाच्या अंगावर टाकतील, हे पाटीवरून कळत नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मला 'शाळा' दाखवल्यावर कळला.

'शाळा'नं पोरांना पाच मिनिटांत धरलं, हे आधी कबूल करतो. वर्ष आणीबाणीचं, वर्ग नववीचा, पण बाकांवरची कुजबुज, मास्तरांची टोपणनावं, अर्ध्या बांधलेल्या इमारतीतला चौघांचा अड्डा, यातलं काही त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. कुणी मोबाइल काढला नाही, कुणी उठलं नाही. मध्येच एकानं विचारलं, "काका, आणीबाणी म्हणजे नक्की काय?" सिनेमा थांबवला आणि जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात काय काय बंद होतं ते सांगितलं. वर्तमानपत्रात काय छापायचं हे सरकार ठरवत होतं, हे ऐकून दोघं-तिघं सरसावून बसली. इतिहासाच्या तासाला हे होत नाही. पकड किती हाच निकष लावला तर 'शाळा'पुढे 'किल्ला' टिकायचा नाही. वयाला न शोभणारं म्हणाल तर मला त्यात काही खटकलं नाही.

पण त्यात 'लाइन' हा शब्द आहे. कोण कुणाला लाइन देतं, कुणाची लाइन कोण. त्या काळातल्या मुलांची ती भाषाच आहे आणि सिनेमात ती अगदी खरी वाटते. आमच्या हॉलमध्ये मात्र तो शब्द येताच मागच्या गादीवरून दोघांनी एकमेकांना कोपरं मारली. मग कुणीतरी हळूच एका मुलीकडे पाहून 'शिरोडकर' म्हटलं, म्हणजे सिनेमातल्या जोशीला जी आवडते ती. कारण एवढंच, की वर्गात तिच्या मागच्या बाकावर बसणारा मुलगा त्या वेळी तिथेच होता. सगळे हसले. तीही हसली, पण लगेच भेळेच्या ताटलीत बघू लागली. मी "अरे, बघू द्या" म्हणालो, आवाज थांबला, आणि मला वाटलं की विषय मिटला.

तो मिटला नव्हता. दिवाळीची सुट्टी संपली तशी ते नाव वर्गात पोचलं. फळ्यावर लिहिलं गेलं, वहीच्या मागच्या पानावर लिहिलं गेलं. त्या मुलाला 'जोशी' म्हणू लागले, त्याचं आडनाव वेगळं असूनही. नाताळपर्यंत हे चाललं. लेकीनं मला हे सगळं फार उशिरा सांगितलं. ती मुलगी मराठीच्या तासाला उभं राहून धडा वाचायची, तिनं ते सोडलं, कारण उभी राहिली की मागून कुणीतरी खोकायचं. आमच्या घरी, माझ्या हातून सुरू झालेली ही गोष्ट होती, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

यात सिनेमाचा दोष नाही, हे नीट सांगायला हवं. चिडवाचिडवीची, अतिआगाऊपणाची किंमत काय पडते हे 'शाळा'तच दाखवलं आहे, जोशीच्या मित्राचं, सुऱ्याचं काय होतं ते पाहिलेल्यांना ठाऊक आहे. शिरोडकर निघून गेल्यावर जोशीचं जे होतं, ते इतक्या हळुवारपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल. पण ते कळायला सिनेमा मनात थोडा मुरावा लागतो. घोळक्यात आधी उचललं जातं ते चिकटणारं नाव आणि चटकन तोंडात बसणारा शब्द. तुमच्याकडची पोरं कदाचित जास्त समजूतदार असतील. नुसत्या मुलींचा किंवा नुसत्या मुलांचा गट असेल तरी बराच फरक पडेल. आमचा मिश्र होता, एकाच वर्गातला होता, आणि सुट्टी संपल्यावर त्यांना एकमेकांच्या शेजारी बसायचं होतं.

म्हणून मे महिन्यात 'किल्ला'.

त्याच्या अडचणी आधी सांगतो. तो सावकाश चालतो. पहिली वीस मिनिटं कोकणातला पाऊस, नवीन घर, नवी शाळा आणि फार न बोलणारा चिन्मय. आमच्याकडे एका मुलानं दहाव्या मिनिटाला विचारलं, "यात पुढे काही होतं का?" दोघांनी मोबाइल काढले. म्हणून आता मी सिनेमाआधीच सगळे मोबाइल एका टोपलीत गोळा करतो, आणि भेळ सुरुवातीलाच देतो, म्हणजे तो संथ भाग खाण्यात जातो. चिन्मयच्या वर्गातला खोडकर बंड्या आला की मग काळजी नाही. दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. चिन्मयचे वडील वारले आहेत, आणि ते नसणं सिनेमाभर घरात वावरत असतं. आमच्या गटातल्या एका मुलाचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मी त्याच्या आईला आधी फोन केला, गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "बघू दे त्याला." असा फोन तुम्हालाही करावा लागला तर टाळू नका. आणि समोरून नको म्हटलं तर दुसरा सिनेमा लावा.

आता त्याची बाजू. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात 'किल्ला'ला स्फटिकाचं अस्वल मिळालं, ते देणारी ज्युरी मुलांचीच होती, अकरा ते चौदा वयाची. म्हणजे आपल्या गादीवर बसलेल्यांच्याच वयाची. मराठी न येणाऱ्या त्या मुलांना तो पोचला याचं मला आधी नवल वाटायचं, आता वाटत नाही. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनाबरोबर कॅमेराही स्वतःच सांभाळला आहे, आणि बरंच काही न बोलताच कळतं. आमच्याकडे दुबईहून आलेला भाचा होता. मराठी त्याला बेताचंच येतं. 'शाळा'तली निम्मी गंमत भाषेत आहे, ती त्याच्या हातून निसटली असती. इथे त्याला एकदाही काही विचारावं लागलं नाही.

आणि किल्ल्यातला तो प्रसंग. सायकली हाणत सगळे किल्ल्यावर जातात, पाऊस येतो, आणि मित्र चिन्मयला तिथेच टाकून निघून जातात. तो हाका मारत एकटा भिजत फिरतो. आमच्या हॉलमध्ये तेव्हा चमच्याचाही आवाज नव्हता. सिनेमा संपल्यावर कुल्फी खाताना एक मुलगी म्हणाली, "आपण सहावीच्या सहलीला असंच केलं होतं ना, बसमध्ये जागा धरली नव्हती एकीसाठी." मग बराच वेळ त्यावरच चाललं. कोणी मुद्दाम केलं, कोणाच्या लक्षातच आलं नाही, मग माफी मागितली होती की नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो, मध्ये पडलो नाही. ज्याच्या आईला फोन केला होता तो मुलगा फारसं बोलला नाही, पण निघताना त्यानं विचारलं की तो समुद्र नेमका कुठला.

चिकटणारं नाव इथेही निघालं, नाही असं नाही. एकाला 'बंड्या' म्हणू लागले. पण बंड्या व्हायला सगळ्यांनाच आवडतं! दुसऱ्या दिवशी त्या नावावर तिघांनी हक्क सांगितला. एवढ्या फरकानंच माझं मत ठरलं. पकड 'शाळा'ची जास्त, पण सोमवारी वर्गात पोरं काय घेऊन जातात हे बघायचं तर मी 'किल्ला'कडे झुकतो.

वेळेचं एवढंच, की सिनेमा लावताना नंतरचा अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. न्यायला येणाऱ्यांना साडेआठला संपतं असं न सांगता सव्वानऊला या म्हणून सांगा. आणि शक्यतो पावसाळ्यात संध्याकाळी दाखवा. बाहेर पाऊस असला की ती पहिली वीस मिनिटं कुणाला लांब वाटत नाहीत.

'शाळा' मी बाजूला टाकलेला नाही. जूनमध्ये, लेक नववीत गेली तेव्हा, आम्ही तिघांनीच तो घरी पुन्हा पाहिला. ती मध्ये मध्ये थांबवत होती, प्रश्न विचारत होती, आणि 'लाइन' शब्दावर या वेळी कुणी हसलं नाही. शिरोडकर जाते तिथे तिनं पुन्हा थांबवलं आणि आईला विचारलं, "तुझ्या नववीत असं काही होतं?" बायकोनं थोडा विचार केला आणि सांगू लागली. ती गोष्ट लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.