सीट बेल्टच्या टोकाला गाळ होता

२०२४ च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबर रोजी, मी २६ लाख ७५ हजार रुपये मोजून पुरात बुडालेली गाडी घरी आणली आणि तिला हार घालून नारळ फोडला. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी कोल्हापूरच्या नागाळा पार्कात राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत चढले होते, ते ओसरल्यावर आठ दिवस मी घमेल्याने गाळ उपसला आहे, आणि माझी तेव्हाची गाडी त्याच पाण्यात बुडून विमा कंपनीच्या हिशेबात ‘टोटल लॉस’ झाली आहे. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे ज्याला पाढ्यासारखे पाठ आहेत त्याला पुराची गाडी ओळखता आली नाही, यावर मित्रांनी जेवढे हसायचे तेवढे हसून घेतले आहे.

गाडी कोणती हे आधीच सांगतो, म्हणजे ‘एवढी हौस कशाला’ हा प्रश्न एकदाचा निकालात निघेल. मर्सिडीज-बेंझ एसएल ३५०. साडेतीन लिटरचे व्ही-६ पेट्रोल इंजिन, दोनच आसने, आणि बटण दाबले की १६ सेकंदांत घडी होऊन डिकीत बसणारे कडक छत. २००१ ते २०११ या काळात बनलेल्या पिढीतली ही गाडी मार्च २०११ मध्ये नोंदलेली होती. ती शर्यतीची गाडी नव्हे. दोघांनी सामान टाकून लांब निघावे, यासाठी ती बनवलेली असते. चोवीस वर्षे फाउंड्रीच्या भट्टीपुढे काढल्यावर छत उघडून बायकोला आंबोलीला न्यावे असे वाटणे हा गुन्हा नाही. शिवाय फुकटात मिळते म्हणून मी धावलो नव्हतो. त्या वेळी अशा गाड्यांच्या जाहिराती ३० ते ३४ लाखांच्या दिसत होत्या आणि हिची मागणी २८ लाख ५० हजारांची होती. निम्म्या किमतीत असती तर मी सावध झालो असतो. हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते, म्हणूनच किंमत थोडीशीच कमी ठेवतात.

विक्रेता पुण्याचा. शोरूम काचेची, आत आठ-दहा महागड्या गाड्या, चहा कपबशीतून. गाडीची कथा अशी की ती आधी एका कंपनीच्या नावावर, मग मालकांच्या, मग त्यांच्या मुलाच्या नावावर होती; म्हणजे आरसीवर तिसरा मालक दिसत असला तरी ‘घर एकच’. मीटरवर ३१,४८० किलोमीटर. ‘जपलेली गाडी आहे, पावसात कधी बाहेर काढलेली नाही,’ हे वाक्य त्याने दोनदा उच्चारले. मला ते दुसऱ्यांदाच खटकायला हवे होते, कारण पावसाचा विषय मी काढलेलाच नव्हता.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला क्षमा करू शकत नाही, तो सांगतो. मी डाव्या आसनावर बसलो आणि सीट बेल्ट ओढला, तो थोडा अडखळला. सवयीने मी तो पूर्ण बाहेर काढला. शेवटचा हात-दीड हात पट्टा वरच्या पट्ट्यापेक्षा मळकट होता, त्याच्या कडेला राखाडी रेघ होती आणि बोटांना पिठासारखे बारीक काहीतरी लागले. मी ते अंगठ्याने चोळून पाहिले. तो स्पर्श मला माहीत होता. २०१९ मध्ये देवघराच्या फडताळातून, शिवणयंत्राच्या खणातून, मुलांच्या प्रमाणपत्रांच्या फायलींतून हेच पीठ मी महिनाभर पुसत होतो. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हातात घेऊन आतल्या ब्लो-होलचा, म्हणजे हवेच्या पोकळीचा, अंदाज सांगणारा मी, त्या क्षणी विक्रेत्याकडे पाहत राहिलो. तो हसून म्हणाला, ‘कालच डिटेलिंग केलंय सर, पॉलिशची पावडर आहे.’ आणि मी बोटे रुमालाला पुसली. पॉलिशची पावडर बेल्टच्या गुंडाळीत आत कशी जाईल, एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही, किंवा खरे सांगायचे तर सुचला आणि मी तो दाबला.

तेवढ्यात सौभाग्यवती आत डोकावून म्हणाल्या, ‘अहो, आपल्या तळमजल्यासारखा वास येतोय.’ मी चारचौघांत त्यांच्यावर खेकसलो की जुन्या चामड्याला असाच वास असतो. गाडीत अत्तराच्या तीन डब्या ठेवलेल्या होत्या. तीन! जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा अत्तर दिसले की त्या बाहेर काढायला लावा, काचा बंद करून गाडी पंधरा मिनिटे उन्हात उभी करा आणि मग दार उघडा. बायको सोबत असेल तर तिचे ऐका.

कागद मी पाहिले नाहीत असे कोणी म्हणू नये. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला होता; कर्जाचा बोजा नव्हता, नोंदणी मार्च २०२६ पर्यंत वैध होती. मूळ नोंदणी तमिळनाडूची आणि नंतर ना-हरकत दाखल्यावर महाराष्ट्रात आलेली, हेही दिसत होते. विमा मात्र केवळ तृतीय पक्षाचा होता. नवी असताना कोटीच्या आसपास गेलेली गाडी ‘जपणारा’ मालक स्वतःच्या नुकसानीचा विमा उतरवत नाही, हे मला विचित्र वाटले. उत्तर मिळाले, ‘गाडी फिरतच नाही, कशाला हप्ता भरायचा?’ पटले. मागच्या पाच वर्षांच्या पॉलिसी मागायला हव्या होत्या. ज्या गाडीचा पाच वर्षे दावाच झालेला नाही तिच्या मालकाला ५० टक्के नो-क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, मिळालेला असतो आणि तो पॉलिसीवर छापलेला असतो. पॉलिसीच दाखवत नाहीत, तिथून उठा.

तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याचे ६,५०० रुपये मी वाचवले. तपासणारा पुण्यातच होता, पण तो सोमवारी येणार होता आणि दसरा शनिवारी होता. ‘आणखी एक पार्टी उद्या येतेय’ हा डाव तुम्हा सर्वांना माहीत आहे, मलाही माहीत होता, तरी चालला. सोने लुटून घरी आल्यावर दारात गाडी उभी असावी, ही माझी कल्पना, आणि ती मीच त्याला बोलून दाखवली होती.

पैसे असे दिले: टोकन ५१ हजार यूपीआयने, २० लाख आरटीजीएसने आणि ६ लाख २४ हजार रोख. रोख घेताना त्याने ‘बिल कमी दाखवू, तुमचाही फायदा’ असे सांगितले. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही आणि दंड स्वीकारणाऱ्याला होतो, हे माझ्या सीएने मला नंतर सांगितले. परंतु त्या ६ लाख २४ हजारांचा एक चिटोराही माझ्याकडे नाही, म्हणजे दंड नसूनही भुर्दंड माझाच. डिलिव्हरीच्या कागदावर ‘गाडी जशी आहे तशी, पाहून, समाधान करून घेतली’ ही ओळ होती. तिच्याखाली माझी सही आहे, ठळक आणि वळणदार.

पाच आठवडे गाडी सुरेख चालली. सहाव्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. तीन दरवाजापाशी छत उघडे ठेवून उभे असताना एक अवकाळी सर आली. मी बटण दाबले, छत अर्धे वर आले आणि तिथेच थांबले. डिकीचे झाकण मागे उघडे, छत हवेत, आत आम्ही दोघे भिजत आणि भोवती सहलीला आलेली पोरे मोबाइल काढून उभी. त्यानंतर पडद्यावर एकामागून एक इशारे आले आणि इंजिन बंद पडले. टेम्पोवर चढवून ताडपत्री झाकून गाडी कोल्हापुरात आणायला ७,५०० रुपये लागले.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींनी डिकीचे अस्तर उचलले. या गाडीला दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनापाशी आणि दुसरी डिकीत. छत हलवणारा हायड्रॉलिक पंपही मागेच असतो. बॅटरीखालच्या खोबणीत बोटभर गाळ वाळून तडकलेला होता, वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढला होता, आणि एका जोडावर नवी टेप गुंडाळलेली होती. मिस्त्री फार बोलणारे नाहीत. त्यांनी गाळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, ‘सायेब, ही गाडी बुडून आलीया. आन् तुमास्नी कळू नये व्हय?’

अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसिस नंबरवरून सर्व्हिसची नोंद मिळते. आरसी माझ्या नावावर झाल्यावर मी ती मागितली. ऑगस्ट २०१५ ला चेन्नईत मीटर ३८,९१२. म्हणजे नऊ वर्षांत गाडी उलटी ७,४३२ किलोमीटर चालली! पुढची आणि शेवटची नोंद जानेवारी २०१६ ची: टोइंगने आली, केबिनमध्ये पाणी, अंदाजपत्रक दिले, काम केले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत केवढा पूर आला होता ते सर्वांना आठवत असेल. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात विकते. तो सांगाडा कोणीतरी धुऊन, वाळवून, दुसऱ्या राज्यात नेऊन ‘जपलेली’ करतो. माझ्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक ११ लाख ३८ हजार ४०० रुपयांचे आहे, तेही हमीशिवाय. ही नोंद पैसे देण्याआधी विक्रेत्यालाच आणायला सांगा. ‘मिळत नाही’ म्हणाला तर तेच उत्तर समजा.

आता आपल्या यंत्रणेविषयी. मी आमच्या भागातील पोलीस ठाण्यात गेलो. व्यवहार पुण्यात झाला म्हणून तिकडे जा, असे सांगण्यात आले. पुण्यात गेलो, पैसे कोल्हापूरच्या खात्यातून गेले आहेत म्हणून तिकडे जा. गुन्हा कुठेही घडला असला तरी त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यायची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी छापील प्रत काढून दाखवले. त्यावर तिसरे उत्तर मिळाले: हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी ठेवले आहे, असे विचारल्यावर अधिकारी माझ्याकडे वर-खाली पाहून म्हणाले, ‘एवढ्या पैशात दोन फ्लॅटचे बुकिंग झाले असते.’ जणू हौस करणाऱ्याला लुटले तर तो गुन्हा उरत नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणाला प्रमाणपत्र मागितले, ते जोडले. मग रोख रकमेचा पुरावा मागितला, तो कुठून आणणार? एकूण अकरा फेऱ्या, त्यांतल्या चार पुण्याच्या, आणि हातात केवळ तक्रार अर्ज मिळाल्याचा शिक्का.

परिवहन कार्यालयात तर माझाच तास घेण्यात आला. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेणे नियमाने आवश्यक आहे, या विक्रेत्याकडे ते आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. एका खिडकीने दुसरी दाखवली, दुसरीने अर्ज द्यायला लावला, आणि सात आठवड्यांनी उत्तर आले की आपल्या वाहनाची कागदपत्रे नियमानुसार आहेत. मी कागदपत्रांविषयी विचारलेच नव्हते! जुन्या विमा कंपनीने ‘ग्राहकाची माहिती गोपनीय असते’ असे दोन ओळींत कळवले. बुडालेली गाडी विकताना गोपनीयता कोणाची जपली जाते, हे यावरून समजून घ्यावे.

शेवटी ग्राहक आयोगात गेलो. मोबदला ५० लाखांपर्यंत असला तर जिल्हा आयोगात आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मला शुल्क १,००० रुपये पडले. मुदत दोन वर्षांची आहे, ती पोलिसांच्या पायऱ्या झिजवण्यात घालवू नका. विक्रेत्याने म्हणणे मांडायला ३० दिवस आणि वरचे १५, असे सगळे ४५ दिवस वापरून सांगितले की तो केवळ मध्यस्थ आहे आणि गाडी मी समाधान करून घेतली आहे. ती वळणदार सही तिथे जोडलेली आहे. माझ्या बाजूने त्याचा एकच संदेश आहे: ‘पाणी, अपघात काही नाही, निश्चिंत राहा.’ टोकन देण्याआधी मी सहज विचारले म्हणून तो आला. तुम्ही सहज नव्हे, ठरवून विचारा, आणि लिहूनच विचारा.

मागच्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला. गाडी उभी आहे असे कळले, जशी आहे तशी साडेचार लाखांत उचलतो म्हणाला. फक्त विक्रीच्या कागदावर पाण्याचा उल्लेख नको. मी नाही म्हणून फोन ठेवला आणि २०१९ च्या फायली काढून बसलो. आमची बुडालेली गाडी नेणाऱ्यानेही माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती. त्यात पाण्याचा उल्लेख होता की नव्हता, हे मला आठवत नाही, आणि तो कागद अजून सापडलेला नाही.